मूळपुरुष नसलेलं आडनाव



इटलीत सर्वाधिक माणसांची आडनावं कोणती, अशी यादी काढली तर वरच्या पाचांत साधारणपणे रोस्सी, रुस्सो, फेर्रारी, एस्पोझितो आणि बियांकी ही नावं येतात. रोस्सी आणि रुस्सो म्हणजे तांबड्या केसांचे किंवा तांबूस वर्णाचे, बियांकी गोरे, फेर्रारी लोहाराच्या घरचे. तांबड्या केसांचा माणूस कुठल्याही गावात निघतो आणि लोहार तर प्रत्येक गावात असतोच. त्यामुळे ही आडनावं गावोगाव आपापली उगवली. राहिलं एस्पोझितो. या नावात वर्णही नाही आणि धंदाही नाही. ते प्रामुख्याने नेपल्स आणि त्याच्या आसपासच्या कांपानिया प्रांतातलं आहे. ‘बाहेर ठेवलेला’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते आलं, आणि ज्यांना ते पहिल्यांदा मिळालं त्यांचे आईबाप कोण हे नोंदवहीत लिहिलेलं नव्हतं.

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत ‘आडनावं आणि आनुवंशिकी’ असा छापला आहे. तो एका संध्याकाळी आटोपायचा नाही. म्हणून मी हे एकच आडनाव घेतो, आणि तेही मुद्दाम सर्वांत अडचणीचं म्हणून. आडनावाच्या मागे एक मूळपुरुष असतो, त्याच्यापासून बीज चालत येतं, तेव्हा प्रयोगशाळेत थुंकी पाठवली की तो पुरुष सापडेल, अशी एक समजूत आज जगभर विकली जाते. एस्पोझितो या आडनावापाशी ती समजूत किती टिकते, ते पाहू.

नेपल्सच्या जुन्या भागात, फोर्चेल्ला नावाच्या दाटीवाटीच्या वस्तीला लागून, सांतिस्सिमा आनुन्त्सियाता नावाचं चर्च आहे. संस्था चौदाव्या शतकातली. आजचं चर्च मात्र १७५७ च्या आगीनंतर लुइजी वान्व्हितेल्ली या वास्तुविशारदाने नव्याने आखलेलं आणि त्याच्या मुलाने पुरं केलेलं. त्या आवारात रस्त्याच्या बाजूच्या भिंतीत एक भोक आहे. भोकाच्या आत एक लाकडी पिंप उभं बसवलेलं, आसावर फिरणारं, एका बाजूने उघडं. रस्त्यावरून येणाऱ्या बाईने किंवा सुइणीने मूल त्या पिंपात ठेवायचं आणि पिंप फिरवायचं. उघडी बाजू आत जायची. घंटा वाजली की आत रात्रंदिवस पहाऱ्याला असलेली बाई मूल उचलून घ्यायची. बाहेरच्या माणसाला आतलं दिसत नसे, आतल्या माणसाला बाहेरचं. इटलीभर याला ‘रुओता’, म्हणजे चाक, म्हणत. नेपल्सचं चाक १८७५ च्या जून महिन्यात बंद झालं. ते आजही पाहायला मिळतं.

मूल आत आलं की लगेच कागद सुरू व्हायचा. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आलं, अंदाजे वय काय, अंगावर कोणते कपडे, सोबत काय ठेवलं आहे, हे सगळं वहीत उतरवलं जाई. गळ्यात मादोन्नाची, म्हणजे मेरीमातेची, प्रतिमा असलेला शिशाचा बिल्ला अडकवला जाई, म्हणजे पुढे दाईकडे गेल्यावर हेच ते मूल हे ओळखता यावं. मग बाप्तिस्मा, मग नाव. शहरातले लोक या मुलांना ‘मादोन्नाची लेकरं’ म्हणत. त्यात कीव होती तशी एक भाबडी श्रद्धाही होती. अशा मुलाला घरी नेऊन वाढवणं नवसाचं पुण्य मानलं जाई. आणि नावापुढे आडनावाच्या जागी लिहिलं जाई ते एस्पोझितो.

सोबत ठेवलेल्या वस्तूंबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. अर्धं कापलेलं नाणं, अर्धं पदक, फाडलेल्या पत्त्याचा तुकडा, फितीचा तुकडा. दुसरा अर्धा भाग आईबापांकडे. म्हणजे पुढे दिवस पालटले तर आम्ही येऊ, तेव्हा हा अर्धा त्या अर्ध्याला जुळवून पाहा. फ्लॉरेन्सच्या इनोचेन्ती अनाथालयाच्या संग्रहालयात अशा खुणा मांडून ठेवलेल्या आहेत. त्या पाहिल्या म्हणजे ‘टाकून दिलेलं मूल’ हे शब्द फार घाईने वापरले जातात असं वाटतं. टाकून द्यायचं असेल तर कोणी अर्धं नाणं जपून ठेवत नाही.

आपल्या मनात लगेच येतं, ही सारी अविवाहित आयांची मुलं असणार. बरीचशी होती, पण सगळी नव्हती. चर्चचा आणि गावाचा धाक, बदनामीची भीती हे कारण होतंच. अमेरिकन इतिहासकार डेव्हिड कर्ट्झर यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात हा धाक कसा चालत असे ते विस्ताराने मांडलं आहे. पण गरिबी हेही तेवढंच मोठं कारण होतं. मिलानमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वर्षाला ५,००० च्या घरात मुलं चाकातून आत येत, आणि त्यांत मोठा भाग लग्न झालेल्या जोडप्यांच्या मुलांचा होता. रेशमाच्या आणि कापडाच्या कामावर जाणाऱ्या बायकांना दूध पाजायला सवड नसे. मूल वर्ष-दोन वर्षं संस्थेच्या खर्चाने दाईकडे वाढवायचं आणि मग परत न्यायचं, असा हिशोब अनेक कुटुंबं करत. संस्थेला हे कळत होतं. म्हणूनच १८६७ साली फेर्रारा शहराने आणि त्याच्या पुढच्या वर्षी मिलानने आपलं चाक बंद केलं. सगळ्या देशात चाकं कायद्याने बंद व्हायला मात्र १९२३ साल उजाडलं.

मुलं जगत किती, हा प्रश्न मी टाळणार नाही, पण त्यावर रेंगाळणारही नाही. अनेक अनाथालयांत निम्म्याहून अधिक मुलं वर्षाच्या आत जात. आडनावाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की वहीत जितके एस्पोझितो लिहिले गेले त्यांतल्या फार थोड्यांचं आडनाव पुढे चाललं. मुलगा असायला हवा, तो जगायला हवा, त्याचं लग्न व्हायला हवं, त्याला मुलगे व्हायला हवेत, आणि त्याचे आईबाप अर्धं नाणं घेऊन परत आलेले नसावेत. आईबाप परत आले तर मूल त्यांच्या आडनावाने घरी जाई. मुली जगल्या तरी लग्नानंतर त्यांच्या मुलांना बापाचं आडनाव. इतक्या चाळण्यांतून गेल्यावरही हे आडनाव देशात वरच्या पाचांत येतं. चाक किती वेळा फिरलं असेल, याचा यावरूनच अंदाज करावा.

प्रत्येक शहराची यासाठी आपापली आडनावं होती. फ्लॉरेन्सचं अनाथालय ब्रुनेलेस्कीने १४१९ पासून बांधायला घेतलं आणि १४४५ च्या फेब्रुवारीत तिथे पहिलं मूल आलं, ती एक मुलगी होती. तिथली मुलं इनोचेन्ती किंवा देल्यी इनोचेन्ती झाली. रोमच्या सान्तो स्पिरितो इस्पितळाची मुलं प्रोयेत्ती. बोलोन्याच्या बाजूला देल्यी एस्पोस्ती. मिलानच्या मोठ्या इस्पितळाच्या चिन्हावर कबुतर होतं, म्हणून तिथली मुलं कोलोम्बो. लोंबार्दीत आजही कोलोम्बो हे सर्वांत जास्त आढळणारं आडनाव आहे. यांतला प्रत्येक कोलोम्बो अनाथालयातून आला असं मात्र नाही. कबुतरं पाळणारे किंवा कोलोम्बो हे नुसतं नाव असलेले पूर्वजही होते. जेनोआचा ख्रिस्तोफर कोलंबस हा विणकराचा मुलगा. त्याचा मिलानच्या इस्पितळाशी काही संबंध नाही, पण आडनाव तेच.

आता कथेला एक वळण मिळतं. नेपोलियनचा मेहुणा ज्योआकिम म्युरा हा १८०८ ते १८१५ नेपल्सचा राजा होता. त्याच्या राजवटीत असं ठरलं की यापुढे सापडलेल्या मुलांना एस्पोझितो हे आडनाव लावायचं नाही, कारण ते जन्मभर कपाळावर गोंदल्यासारखं राहतं. मिलानमध्ये कोलोम्बो लावणं १८२५ मध्ये थांबलं. पुढे एकसंध इटलीत १८६५ साली नागरी नोंदणीचे नियम झाले, त्यांतही हेच सूत्र राहिलं: मुलाचा जन्म उघड करणारं आडनाव नको, हास्यास्पद नको. हेतू चांगला होता. पण आता कारकुनापुढे रोज नवा प्रश्न: आज आलेल्या मुलाला काय लिहायचं? त्याने मग डोकं चालवलं. महिन्यांवरून, वारांवरून, फुलांवरून, झाडांवरून, गावांवरून, ग्रीक-रोमन इतिहासातून, कधी एकाच अक्षराने सुरू होणारी आडनावं ओळीने, कधी सरळ अक्षरं जुळवून, जगात आधी कुठेच नसलेली आडनावं तयार झाली. इटलीच्या आडनावांची संख्या युरोपात सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे. त्याची कारणं अनेक, पण त्यांत या अनामिक कारकुनांचाही वाटा आहे. मला हे कारकून फार आवडतात. सरकारी वहीत इतकी कल्पनाशक्ती क्वचितच कोणी खर्चली असेल.

हे वळण का सांगितलं, ते आता आनुवंशिकीकडे वळल्यावर कळेल.

पुरुषांच्या पेशीत वाय नावाचं एक गुणसूत्र असतं. ते बापाकडून मुलाला जवळजवळ जसंच्या तसं जातं, आईकडच्या गुणसूत्राशी त्याची फारशी सरमिसळ होत नाही. पिढ्यांगणिक त्यात बारीकसारीक बदल साचत जातात, आणि ते बदल मोजून दोन पुरुषांचा पितृवंश जवळचा की दूरचा हे सांगता येतं. आता इटलीत, इंग्लंडात, आपल्याकडेही आडनाव परंपरेने चालत आलं ते बापाकडून मुलाकडे. म्हणजे आडनाव आणि वाय गुणसूत्र एकाच वाटेने प्रवास करतात. मग एका आडनावाच्या सगळ्या पुरुषांचं वाय सारखं असायला हवं. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी २००० साली आपल्याच आडनावाच्या पुरुषांवर हा प्रयोग केला आणि जवळपास निम्म्यांत एकच वाय सापडलं. त्या निबंधाने खळबळ उडाली. वंशावळीच्या धंद्यालाही तिथून पंख फुटले.

पण पुढची गोष्ट कमी लोकांनी वाचली. लेस्टर विद्यापीठात ट्युरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावं तपासली. ॲटनबरोसारख्या विरळ आडनावात बहुतेक पुरुष खरोखरच एकाच वायचे निघाले. स्मिथ आडनावात मात्र दोन स्मिथ निवडले काय आणि रस्त्यावरचे कोणतेही दोन पुरुष निवडले काय, फरक पडेना. कारण उघड आहे: स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार हजारो होते. आडनाव जितकं विरळ तितका मूळपुरुष एक असण्याचा संभव मोठा. आडनाव जितकं सार्वत्रिक तितके मूळपुरुष अनेक.

बरं, विरळ आडनावातही गळती असतेच. दत्तक, लग्नाबाहेरचं मूल, आईचं आडनाव लावणं, इस्टेटीसाठी नाव बदलणं. बेल्जियममधल्या संशोधनातून पिढीमागे साधारण १ टक्का असा आकडा आला आहे. ऐकायला किरकोळ वाटतो, पण १० पिढ्यांत तो १० टक्क्यांच्या आसपास जातो. राजघराणीही यातून सुटत नाहीत. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड लेस्टरमधल्या एका मोटारतळाखाली सापडला, तेव्हा त्याचं वाय त्याच्या कागदोपत्री पितृवंशातल्या आजच्या पुरुषांच्या वायशी जुळलं नाही. मातृवंश जुळला, दाताहाडांवरून ओळख पटली, पितृवंशात कुठेतरी धागा तुटलेला होता. कुठे, ते कळत नाही, आणि कळलं तर इंग्रजांच्या इतिहासाचे काही अध्याय अडचणीत येऊ शकतील.

आता एस्पोझितोकडे या. स्मिथचे मूळपुरुष अनेक, पण निदान प्रत्येक जण लोहार तरी होता. एस्पोझितोच्या मूळपुरुषांत असं काहीच समान नाही. सरदाराचा अनौरस मुलगा, कोळ्याचा नववा मुलगा, बंदरात उतरलेल्या खलाशाचा, पाद्र्याचा, विधवेचा, सगळे त्याच भोकातून आत आले आणि एकाच शब्दाखाली नोंदले गेले. त्या शब्दाला जन्म देणारा पुरुष शोधायचा तर तो एकच सापडतो, वहीपाशी बसलेला कारकून. त्यामुळे आजच्या १०० एस्पोझितो पुरुषांचं वाय तपासलं तर त्यातून एखादं एस्पोझितो घराणं निघेल अशी आशा धरू नये. जे निघेल ते जुन्या नेपल्सच्या पुरुषांचं चित्र, आणि तेही कोणत्याही थोर घराण्याने निवडून न दिलेलं. मला वाटतं, नेपल्सच्या लोकसंख्येचा इतिहास अभ्यासणाऱ्याला हा नमुना मोलाचा आहे. अर्थात, शहरातल्या ज्या गरीब थरांतून ही मुलं जास्त आली ते थर त्यात जास्त उतरलेले असणार.

आणि म्युराच्या आदेशानंतरची मुलं? तिथे गंमत उलटी होते. कारकुनाने १८३० साली एखाद्या मुलासाठी जुळवलेलं, दुसऱ्या कोणालाही न दिलेलं आडनाव घ्या. तो मुलगा जगला, त्याचा वंश वाढला, तर मघाची गळती सोडता आज त्या आडनावाचे सगळे पुरुष त्या एकाच मुलाचे वंशज असणार. ॲटनबरोसारखंच, किंबहुना त्याहून स्वच्छ, कारण सुरुवातीची तारीख, कधी कधी तर वेळही वहीत आहे. म्हणजे ज्या आडनावाने मुलाचा जन्म प्रामाणिकपणे सांगितला त्यातून बीजाचा माग लागत नाही. आणि तो जन्म लपवायला सरकारने रचलेलं बनावट आडनाव मात्र बीजाचा माग अचूक राखतं. आडनावांच्या आनुवंशिकीत मला यासारखी दुसरी विसंगती माहीत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. आडनावाचा उगम नोंदीत असतो, आणि ती नोंद कोणी, कशासाठी केली हे समजल्याशिवाय प्रयोगशाळेतला निकाल वाचता येत नाही. इटलीत ही नोंद पक्की झाली ती सोळाव्या शतकात. १५६३ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने प्रत्येक पाद्र्याला लग्नांची आणि बाप्तिस्म्यांची वही ठेवायला लावली, त्यामागचा एक हेतू जवळच्या नात्यातली लग्नं पकडणं हा होता. त्या वह्यांमुळे तोवर बदलती असणारी नावं गोठली. त्याच परिषदेचे ठराव अमलात आणायला गोव्यात १५६७ साली पहिली प्रांतिक धर्मसभा भरली आणि तिथल्या चर्चांतही अशाच वह्या सुरू झाल्या. गोव्यातल्या नव्या ख्रिस्ती कुटुंबांना बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज आडनावं मिळाली, पुष्कळदा धर्मपित्याची किंवा पाद्र्याची. पोर्तुगीज रक्ताशी त्या आडनावांचा संबंध नाही, हे गोव्यात सगळ्यांना ठाऊक होतंच. २०२१ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेतल्या शास्त्रज्ञांनी गोवा, कुमठा आणि मंगळूरच्या रोमन कॅथलिकांचा डीएनए तपासून त्यांचं मूळ प्रामुख्याने गौड सारस्वतांशी जुळतं असं दाखवलं. एस्पोझितो जसा नेपल्सचा, तसा गोव्यातला डिसोझा तिथलाच.

पण मी आडनावं निरुपयोगी आहेत असं म्हणत नाही. उलट, त्यांचा सर्वांत सुंदर शास्त्रीय उपयोग इटलीतच झाला. तो करणारे आनुवंशिकीतज्ज्ञ लुइजी लुका काव्हाल्ली-स्फोर्झा यांचा जन्म १९२२ सालचा, जेनोआचा. केंब्रिजला रोनाल्ड फिशर यांच्याकडे काम करून ते इटलीत परतले आणि पार्मा विद्यापीठात शिकवू लागले. तिथे त्यांच्या विद्यार्थ्यांत आंतोनियो मोरोनी नावाचे एक तरुण पाद्री होते. मोरोनींनी सांगितलं, आमच्या चर्चांत साडेतीनशे वर्षांच्या वह्या पडून आहेत. एका वाक्याने सगळं संशोधन सुरू झालं म्हणायला हरकत नाही. पार्मा नदीचं खोरं वर आपेन्नीनच्या डोंगरात चिमुकल्या वाड्यांपासून सुरू होतं आणि खाली मैदानात मोठी गावं आणि शहर. वह्यांतून कोण कुठे कोणाशी लग्न करत होतं ते काढलं, आणि प्रत्येक गावातल्या लोकांचं रक्त घेऊन रक्तगट तपासले. रक्त घ्यायला मोरोनींनी गावच्या पाद्र्यांचं मन वळवलं. चर्चच्याच खोल्यांत, रविवारच्या प्रार्थनेनंतर लोकांनी दंड पुढे केले. वरच्या वाड्यांत एका गावाचे रक्तगट शेजारच्या गावाहून खूप वेगळे निघाले, खाली मैदानात फरक जवळजवळ मिटला. वरची गावं लहान आणि तुटलेली. तिथे कोणाचा वंश वाढला, कोणाचा खुंटला हे बरंचसं योगायोगाने ठरतं. ज्याला आनुवंशिकीत ‘जनुकीय विचलन’ म्हणतात ते पहिल्यांदा माणसांच्या खऱ्या गावांत, खऱ्या वह्यांनिशी इतकं स्पष्ट दिसलं.

आडनावं यात कुठे आली? आडनावंही तशीच वागतात. ती वंशाला कसलाही फायदा किंवा तोटा देत नाहीत, तरी काही वाढतात आणि काही मरतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी याचं गणित मांडलं होतं, थोर घराण्यांची आडनावं का नष्ट होतात या चिंतेपोटी. चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज याने १८७५ मध्ये एकाच आडनावाच्या वधूवरांची लग्नं मोजून चुलत-मामे-आते भावंडांच्या लग्नांचा अंदाज बांधला. त्याचे स्वतःचे आईवडील मामे-आते भावंडं होते, तेव्हा प्रश्न घरातलाच होता. काव्हाल्ली-स्फोर्झा, मोरोनी आणि जान्ना झेई यांनी हीच पद्धत सार्डिनियात नेली आणि बेटभरच्या आडनावांकडे जणू ती जनुकंच आहेत असं पाहिलं. व्हॅटिकनमध्ये जवळच्या नात्यातल्या लग्नांसाठी घेतलेल्या परवानग्यांचे लाखो कागद होते. तेही त्यांनी काढले. या सगळ्याचं पुस्तक २००४ मध्ये आलं, काम सुरू झाल्यावर अर्ध्या शतकाने.

इथे एक छोटी गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १९५२ साली जिवाणूंच्या प्रजननावर लेडरबर्ग पतिपत्नींबरोबर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधावर काव्हाल्ली-स्फोर्झा यांचं नाव नुसतं ‘काव्हाल्ली’ आहे. ‘स्फोर्झा’ हे मिलानच्या ड्यूकांची आठवण करून देणारं भारदस्त आडनाव त्यांना आजोळच्या बाजूने दत्तकविधानातून मिळालं. आडनावांवरून बीजाचा प्रवाह मोजणाऱ्या शास्त्रज्ञाचं अर्धं आडनाव बीजाने आलेलं नव्हतं.

आता एक कठीण प्रकरण. नावं मी घेणार नाही. २०१० च्या नोव्हेंबरात उत्तर इटलीत बेर्गामोजवळच्या एका गावातून १३ वर्षांची मुलगी नाहीशी झाली, तीन महिन्यांनी तिचा मृतदेह सापडला. कपड्यांवर एका अनोळखी पुरुषाचा डीएनए होता. पोलिसांनी खोऱ्यातल्या हजारो लोकांचे नमुने घेतले. एका तरुणाचं वाय जुळलं. माणूस तो नव्हता, पण घराणं सापडलं. घराण्यातल्या एका मृत बसचालकाचा डीएनए त्याने चाटून चिकटवलेल्या तिकिटावरून मिळवला, पुढे थडगं उघडून खात्री केली. तोच त्या अनोळखी माणसाचा बाप होता. आणि त्याच्या औरस मुलांपैकी कोणाचाही डीएनए जुळेना. म्हणजे त्या बसचालकाला लग्नाबाहेर एक मुलगा होता, दुसऱ्या घरात, दुसऱ्या आडनावाने वाढलेला. तपास मग आईकडे वळला. जुन्या नोंदी आणि शेकडो बायकांचे नमुने तपासून ती सापडली, आणि २०१४ च्या जूनमध्ये तिचा मुलगा पकडला गेला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. तो आजही गुन्हा नाकारतो. खटल्याच्या बऱ्यावाईटाबद्दल मी बोलत नाही. मला दिसतं ते एवढंच की वायने पोलिसांना एका आडनावाच्या दारात नेलं आणि तिथून आडनावानेच त्यांना जवळपास दोन वर्षं अडवून धरलं. आणि एका म्हाताऱ्याला आपला मुलगा आपला नाही हे वर्तमानपत्रातून कळलं. शास्त्राची ही किंमत वंशावळीच्या जाहिरातींत छापलेली नसते.

जाहिरातींचा विषय निघालाच आहे. न्यूयॉर्क, ब्युनोस आयरेस, टोरांटो इथे लाखो इटालियन वंशाचे लोक राहतात. १८८० नंतरच्या चार दशकांत जवळपास ४० लाख इटालियन एकट्या अमेरिकेत उतरले, बहुतेक दक्षिणेचे. त्यांच्या पणतवंडांना आज एस्पोझितो घराण्याचं राजचिन्ह चौकटीत घालून विकलं जातं. चिन्ह घराण्याला मिळतं, इथे घराणंच नाही. तेव्हा ते पैसे वाया गेले समजा. एलिस बेटावरच्या अधिकाऱ्यांनी नावं बदलली ही दंतकथाही तशीच. अधिकारी जहाजाच्या यादीतली नावं तपासत, यादी इटलीच्या बंदरात तयार झालेली असे. नावं बदलली ती बहुतेकांनी नंतर आपली आपण.

मग एखाद्या एस्पोझितोला डीएनए काही सांगतच नाही का? सांगतो, पण आडनावाबद्दल नाही. १० पिढ्या मागे गेलं तर प्रत्येकाच्या वंशवृक्षात १,०२४ जागा असतात, काही जागांवर तेच तेच पूर्वज पुन्हा येतात. आडनाव त्यांतल्या फक्त एका जागेवरून येतं. उरलेल्या हजारावर जागा नेपल्सच्या आहेत. आणि नेपल्स म्हणजे काय? इस्कियाच्या बेटावर आणि कुमे इथे इसवी सनापूर्वी आठव्या शतकात ग्रीक वसले, नेआपोलिस हे नावच त्यांचं. मग रोमन, बायझंटाइन, नॉर्मन, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश राजवटी. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोम आणि परिसरातल्या २९ ठिकाणच्या १२७ जुन्या माणसांचे जीनोम वाचले गेले. त्यात दिसलं की साम्राज्याच्या काळात रोमची लोकसंख्या पूर्व भूमध्यसागराकडे, ग्रीस, सीरिया, आशिया मायनरच्या बाजूला झुकली होती, आणि साम्राज्य मोडल्यावर पुन्हा युरोपकडे सरकली. ही सरमिसळ गुलामांच्या, व्यापाऱ्यांच्या, सैनिकांच्या येण्याने झाली. एस्पोझितोची थुंकी प्रयोगशाळेत गेली तर अहवालात हेच येणार, जे त्याच्या शेजारच्या रुस्सोच्या आणि समोरच्या ग्रेकोच्या अहवालात येतं.

या आडनावाची लाज मात्र फार काळ टिकली. १९५५ पर्यंत इटलीत कागदपत्रांवर बापाचं नाव लिहावं लागे, आणि ज्यांना ते नव्हतं त्यांच्यापुढे एन एन अशी दोन अक्षरं पडत. त्या वर्षीच्या कायद्याने तो रकाना गेला. पण आईचं नाव न लिहिता बाळंत होण्याचा हक्क इटलीत आजही आहे, आणि तिची ओळख १०० वर्षं बंद राहते. एका बाईने आपली जन्मदात्री जाणण्यासाठी स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली, २०१२ साली इटलीविरुद्ध निकाल लागला, आणि २०१३ मध्ये इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने म्हटलं की न्यायाधीशाने गुपचूप त्या आईला विचारावं, तिला अजूनही अनामिक राहायचं आहे का. ती हो म्हणाली तर प्रकरण तिथेच मिटतं. व्यवहारात आता अनेक जण न्यायाधीशाकडे जातच नाहीत. ते थुंकी पाठवतात आणि कुठेतरी एक चुलत भाऊ जुळतो.

आणि याहून मोठा बदल २०२२ मधला. त्याच न्यायालयाने ठरवलं की मुलाला आपोआप फक्त बापाचं आडनाव लावणं घटनेला धरून नाही. त्या वर्षीच्या जूनपासून इटलीत जन्मलेल्या मुलाला आईबापांनी ठरवलेल्या क्रमाने दोघांची आडनावं मिळतात. दोघांचं एकमत असेल तर एकच, आईचं किंवा बापाचं. मतभेद झाला तर न्यायाधीश क्रम ठरवतो. म्हणजे वाय आणि आडनाव यांचा एकत्र प्रवास इटलीत कायद्यापुरता संपला आहे. पुढच्या पिढीत चार आडनावांतून दोन निवडायची वेळ येईल, तेव्हा एस्पोझितो ठेवायचं की गाळायचं हे घराघरांत ठरेल, आणि मला ऐकायला आवडेल की कोण काय कारण देतं.